हातगाडी, दुकान आणि सुप्रीम कोर्ट: रस्त्यावरच्या धंद्याचे नियम आले कुठून?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी मिळून एक अर्ज तयार केला. विषय होता, "दुकानांसमोरील हातगाड्या कायमस्वरूपी हटविणेबाबत." सगळ्यांच्या सह्या होत होत तो कागद शेवटी माझ्या काउंटरवर आला. मी पेन उचललं आणि हात थांबला.

कारण माझं हे कटलरीचं दुकान हातगाडीतूनच उभं राहिलंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, याच रस्त्यावर टिकल्या, बांगड्या, रिबिनी, कंगवे विकायचे. मी चौथीत असताना एका दुपारी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि अण्णांची हातगाडी मालासकट उचलून घेऊन गेली. अकरा दिवस अण्णा रोज ऑफिसला खेटे घालत होते. बाराव्या दिवशी दंड भरून हातगाडी मिळाली, पण माल अर्धाच होता. बाकीचा कुठे गेला, असं विचारलं तर उत्तर आलं, "यादी आहे का तुमच्याकडे?" यादी कुणी दिलीच नव्हती. दिवाळीच्या तोंडावर व्याजानं पैसे काढून भरलेला माल होता तो.

आणि आज मी दुकानदार. माझ्या दारासमोर तीन गाड्या लागतात. एक जण तर माझ्याकडे असतो तोच माल विकतो, माझ्यापेक्षा दहा रुपये कमी भावानं. दुकानाचं भाडं, लाईट बिल, दोन मुलींचा पगार, जीएसटी हे सगळं मी भरतो. राग मलाही येतो की!

म्हणून सही करायच्या आधी ठरवलं, कायदा नक्की काय म्हणतो ते एकदा नीट वाचायचं. बीबीएला आम्हाला करार कायदा शिकवला, कंपनी कायदा शिकवला. पण ज्या रस्त्यावर या देशातले लाखो लोक धंदा सुरू करतात, त्या रस्त्याचा कायदा कुणी शिकवला नव्हता. वाचायला बसलो आणि लक्षात आलं की हा कायदा आधी संसदेत जन्मलाच नाही. तो कोर्टात वाढला. आणि सुरुवात झाली मुंबईतून.

१९८५: मुंबईचे फेरीवाले कोर्टात जातात

मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या युनियननं महापालिकेविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली होती. म्हणणं साधं होतं: धंदा करण्याचा हक्क आम्हाला संविधानानं दिलाय, मग पालिका आम्हाला हटवते कशी? संविधानाच्या कलम १९(१)(जी) मध्ये कोणताही व्यवसाय किंवा धंदा करण्याचं स्वातंत्र्य आहे. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की लोकहितासाठी सरकार त्यावर वाजवी बंधनं घालू शकतं. सगळा वाद या "वाजवी" शब्दाभोवती फिरतो.

३ जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला. कोर्टानं फेरीवाल्यांना सांगितलं की रस्ते लोकांना ये-जा करण्यासाठी आहेत आणि दुसऱ्याला त्रास होईल असा धंदा करण्याचा हक्क कुणालाच नाही. पण पालिकेलाही मोकळं सोडलं नाही. फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र ठरवा, आणि जिथे धंद्याला परवानगी आहे तिथे चांगल्या कारणाशिवाय परवाना नाकारू नका, असं बजावलं.

सोबत अटीही घालून दिल्या. एका फेरीवाल्याला एक मीटर बाय एक मीटर जागा. धार्मिक स्थळं, शाळा-कॉलेजं आणि हॉस्पिटलपासून १०० मीटरच्या आत धंदा नाही, मंडईपासून १५० मीटरच्या आत नाही. वेळ सकाळी ७ ते रात्री १०. आज कुठल्याही शहरात अतिक्रमण विभागाशी हुज्जत घालताना जे १०० मीटर आणि १५० मीटर कानावर पडतात, त्यांची मुळं इथे आहेत.

जरा विचार करा. एका फेरीवाल्याला किती मीटर जागा द्यायची हे खरं तर नगरपालिकेच्या बैठकीत ठरायला हवं. ते ठरत होतं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात! कायदा नव्हता, धोरण नव्हतं, म्हणून कोर्टाला मोजपट्टी हातात घ्यावी लागली.

याच्या बरोबर एका आठवड्यानं, १० जुलै १९८५ ला, मुंबईच्याच फूटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या प्रकरणाचा निकाल आला. ऑल्गा टेलिस प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. त्यात कोर्टानं म्हटलं की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. पोट भरण्याचं साधन काढून घेतलं तर माणूस जगणार कसा, असा तो विचार आहे. त्या लोकांना फूटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी चंद्रचूड निवृत्त झाले.

१९८९: हक्क आहे, पण अमुकच खांबाजवळ नाही

पुढचं प्रकरण दिल्लीचं. सोदान सिंग नावाचा माणूस जनपथ भागात एका विजेच्या खांबाजवळ तयार कपडे विकायचा. त्याला हटवलं आणि तो कोर्टात गेला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ऑगस्ट १९८९ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक छोट्या व्यावसायिकानं समजून घ्यावा असा आहे.

कोर्टानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, रस्त्यावर धंदा करणं हाही कलम १९(१)(जी) मधलाच हक्क आहे. रस्ते फक्त चालण्यासाठी असतात एवढंच कारण देऊन तो साफ नाकारता येणार नाही, त्याचं नियमन मात्र करता येईल. दुसरी, अमुक एक जागा माझीच, असा हक्क कुणालाही नाही.

माझ्या वर्गात मी हे असं सांगतो: कोर्टानं धंद्याचा हक्क दिला, जागा दिली नाही. बरेच जण इथेच फसतात. "मी वीस वर्षं इथेच बसतोय" हे वाक्य तुम्ही किती वर्षं धंदा करताय याचा पुरावा म्हणून उपयोगी आहे. पण त्यानं ती जागा तुमच्या नावावर होत नाही.

२०१०: कोर्टच म्हणतं, आता कायदा करा

यानंतर वीस वर्षं काय झालं? प्रत्येक शहर आपापली योजना करायचं, कुणीतरी कोर्टात जायचं, कोर्ट योजनेत बदल करायचं, परत कुणीतरी जायचं. मुंबईचा विषय महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात पुन्हा सुप्रीम कोर्टात आला आणि २००३ मध्ये फेरीवाला क्षेत्रांबद्दल आणखी एक सविस्तर निकाल झाला. केंद्र सरकारनं २००४ मध्ये शहरी फेरीवाल्यांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं, २००९ मध्ये ते सुधारलं. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. पालिकेनं ते पाळलं नाही तर दाखवायला कलम नाही.

मग आलं दिल्लीचंच गेंदा राम प्रकरण. ८ ऑक्टोबर २०१० ला न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गांगुली यांच्या खंडपीठानं जे म्हटलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सार असं: फेरीवाले गरीब आणि असंघटित आहेत म्हणून त्यांचा मूलभूत हक्क अधांतरी ठेवता येणार नाही. कोर्टाच्या आदेशांनी दरवेळी बदलणाऱ्या योजनांवरही तो सोडता येणार नाही. तेव्हा सरकारनं ३० जून २०११ च्या आत कायदा करावा.

म्हणजे पंचवीस वर्षं स्वतः नियम घालून देणारं कोर्टच म्हणालं, हे आमचं कायमचं काम नाही. ज्यांचं काम आहे त्यांनी करा.

ती मुदत हुकली. सप्टेंबर २०१३ मध्ये कोर्टानं पुन्हा आदेश दिला की कायदा येईपर्यंत सगळ्या पालिकांनी २००९ चं धोरण अमलात आणावं. त्याच महिन्यात लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेनं केलं, आणि १ मे २०१४ पासून पथविक्रेता कायदा लागू झाला. मुंबईच्या पहिल्या निकालापासून जवळपास २९ वर्षं!

हे काही एकच उदाहरण नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली. कायदा येईपर्यंत तीच पाळायची होती. कायदा आला २०१३ मध्ये. आज तुमच्याकडे दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते, ती याच वाटेनं आली. आधी कोर्ट पोकळी भरून काढतं, मागून संसद कायदा करते. मधली वर्षं सामान्य माणूस सोसतो.

कायद्यात तुमच्यासाठी काय आहे?

आता कामाचं बोलू. हातगाडी, टपरी, स्टॉल किंवा फिरता धंदा सुरू करणार असाल तर हे मुद्दे वहीत लिहून घ्या.

१. सर्वेक्षण. दर पाच वर्षांत किमान एकदा सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत आधीपासून बसणाऱ्यांना हटवू नये, असं कायदा सांगतो.

२. मर्यादा. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आहे. गावाची लोकसंख्या ८० हजार असेल तर हा आकडा होतो २,०००.

३. विक्री प्रमाणपत्र. हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. पण त्यासोबत हमी द्यावी लागते की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचे करतील, माझ्याकडे पोटापाण्याचं दुसरं साधन नाही आणि हे प्रमाणपत्र मी भाड्यानं देणार नाही. पाच गाड्या टाकून पोरं बसवायची, असा प्लॅन घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो, हा कायदा पोट भरणाऱ्यासाठी आहे, तुमच्या चेनसाठी नाही. तुम्ही गाळा बघा.

४. हटवायचं असेल तर आधी तीस दिवसांची नोटीस.

५. माल उचलला तर जप्त मालाची सहीनिशी यादी तुम्हाला मिळायलाच हवी. तुम्ही माल परत मागितल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत सोडायचा. शुल्क भरावं लागतं, पण माल पूर्ण मिळाला पाहिजे.

६. नगर पथविक्रेता समिती. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदानानं निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. आणि दुकानदार मंडळी, इकडे लक्ष द्या: व्यापारी संघटना, रहिवासी संघटना, पोलीस, बँका यांनाही तिथे प्रतिनिधित्व आहे.

७. तक्रार. माजी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती.

पाचवा मुद्दा वाचून मी अण्णांना दुकानात बोलावलं आणि मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "कधीचा कायदा आहे हा?" मी म्हटलं, २०१४ चा. मान हलवली आणि चहा सांगायला गेले.

मग अडतं कुठे?

कागदावर सगळं आहे, मग रस्त्यावर का दिसत नाही? कारण सुप्रीम कोर्ट आदेश देऊ शकतं, पण तुमच्या चौकात चुन्याचा पट्टा मारायला न्यायमूर्ती येत नाहीत. ते काम नगरपालिकेचं. पट्टा मारण्याआधी समिती हवी, समितीसाठी निवडणूक हवी, निवडणुकीसाठी सर्वेक्षण हवं. मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेतसुद्धा २०१४ मध्ये सर्वेक्षण झालं आणि समितीच्या निवडणुकीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. मग छोट्या गावांचं काय असेल?

उलट बाजूही बघायला हवी. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जणांचे जीव गेले. त्यानंतर स्टेशनजवळच्या फेरीवाल्यांचा प्रश्न पेटला आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्टेशनपासून १५० मीटरच्या आत धंद्याला मनाई कायम ठेवली. चालणाऱ्या माणसाचा हक्कही हक्कच आहे. पुलावर, जिन्याच्या तोंडाशी, दवाखान्याच्या दारात गाडी लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मग तो कितीही गरीब असो.

काही जण विचारतात, कोर्टानं सरकारच्या कामात एवढं लक्ष घालावं का? माझं मत विचाराल तर, घालू नये लागलं तर उत्तम. कोर्टासमोर जो येतो त्याचंच म्हणणं कोर्टाला ऐकू येतं. मुंबई-दिल्लीच्या युनियन तिथपर्यंत पोचल्या. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातली भाजीवाली मावशी कशी पोचणार? म्हणून नियम समितीत बसून, सगळ्यांना विचारून ठरलेले बरे. पण सरकार तीस तीस वर्षं हललंच नाही तर मावशीनं कुणाकडे बघायचं? अण्णांच्या वेळी हा कायदा असता तर मला कोर्टाबद्दल एवढी आपुलकी वाटली नसती.

कागदाची किंमत

हा सगळा इतिहास धंद्याच्या वर्गात कशाला, असं वाटेल. कारण या कागदावर पुढे पैसे मिळतात. जून २०२० मध्ये, लॉकडाऊननंतर, केंद्र सरकारनं पीएम स्वनिधी योजना आणली. पथविक्रेत्याला तारणाशिवाय पहिलं कर्ज १० हजार, वेळेवर फेडलं की २० हजार, मग ५० हजार. २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५ आणि २५ हजारांपर्यंत वाढवले. बँकेनं विक्रेता ओळखायचा कसा? विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा पालिकेचं शिफारस पत्र. ज्याचं नाव सर्वेक्षणात होतं त्याचं काम लवकर झालं, बाकीचे शिफारस पत्रासाठी रांगेत होते.

तेव्हा धंदा रस्त्यावर असेल तर एक फाईल करा. त्यात ठेवा:

- रोजच्या वसुलीची प्रत्येक पावती, तारखेनुसार
- गाडीसोबतचे फोटो, मागे ओळखीची खूण दिसेल असे, दर सहा महिन्यांनी
- पालिकेला दिलेला प्रत्येक अर्ज, पोच घेतलेला
- खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय नोंदणी
- मालखरेदीची बिलं आणि गाडीवर कोणता माल किती आहे याची यादी

शेवटची यादी आठवड्यातून एकदा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली तरी चालेल. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या घरानं ते न केल्याची किंमत मोजलीय.

त्या अर्जाचं काय झालं?

मी सही केली नाही. पण राग गिळून गप्पही बसलो नाही, कारण माझी अडचण खरी आहे. ग्राहकाला दुकानात शिरायला वाट नाही, समोर गाडी लावायला जागा नाही. म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात चारच मागण्या: सर्वेक्षण करा, समिती नेमा, पट्टे आखा, आणि दुकानाच्या दारासमोरची ठरावीक जागा मोकळी ठेवा. मग तो घेऊन आधी गाडीवाल्यांकडे गेलो. त्यातल्या अकरा जणांनी सह्या केल्या. दहा रुपये कमी भावानं विकणाऱ्यानं सगळ्यात आधी केली! दुकानदारांपैकी सहा जण आले. बाकीचे अजून नाराज आहेत, दोघं तर माझ्याशी बोलत नाहीत.

अर्ज देऊन सहा आठवडे झाले. पोच मिळाली, उत्तर आलेलं नाही. माहितीच्या अधिकारात विचारणा टाकलीय की आपल्या गावात शेवटचं सर्वेक्षण कधी झालं. उत्तर आलं की व्हिडिओत सांगतोच.

तोपर्यंत तुम्ही एक काम करा. उद्या नगरपालिकेत जा आणि विचारा, "आपल्याकडे नगर पथविक्रेता समिती आहे का? त्यात कोण कोण आहे?" आहे म्हणाले तर नावं लिहून आणा. नाही म्हणाले तर पाच जण गोळा करून अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसच्या पायऱ्या उतरू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. फाईल तयार ठेवा.